खिडकीपासून दारापर्यंत

बोर्डाचं पत्र आलं तेव्हा मी स्टाफरूममध्ये डबा खात होते. बारावीच्या बायोलॉजी प्रॅक्टिकलला मला एक्स्टर्नल म्हणून नेमलं होतं. केंद्राचं नाव वाचलं आणि घास तोंडातच राहिला. तेच कॉलेज. खाली इंटर्नल परीक्षकाचं नाव, रंगनाथ खालकर. म्हणजे सर अजून होते! मी समजत होते, एव्हाना रिटायर होऊन सायखेड्याच्या मळ्यात जाऊन बसले असतील आणि माझ्या हातून कायमचे निसटले असतील.

"काय झालं, ज्योत्स्ना मॅडम?" शेजारच्या केमिस्ट्रीच्या बाईंनी विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "देव आहे."

त्या दिवशी मी डबा चाटूनपुसून संपवला.

सूड हा शब्द शिक्षकांनी तोंडातून काढायचा नसतो. आपण क्षमा, शांती वगैरे शिकवायची. पण मी खोटं का बोलू? मला सूडच घ्यायचा होता, आणि त्यासाठी मी बारावीपासून थांबले होते. आता माझ्या कानशिलांवर केस पांढरे व्हायला लागलेत.

मी पेठ तालुक्यातली, घाटापलीकडची. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. बाबांनी मला एस.टी.नं नाशिकला आणलं आणि मुलींच्या हॉस्टेलवर सोडलं. बाबा फाटकाच्या आत आले नाहीत. बाहेरूनच म्हणाले, "डाक्टर हो, नाय तं दुसरं कायपण हो. पण समजलं नाय तं इचारत राय." त्यांना स्वतःला कधी कोणाला काही विचारायची सोय मिळाली नव्हती, म्हणून असेल.

खालकर सरांचं तेव्हा नाशिकभर नाव होतं. सर वर्गात पुस्तक आणत नसत. पुस्तक त्यांच्या डोक्यात होतं. कुठली व्याख्या कुठल्या पानावर, वरून की खालून, हेसुद्धा. ते एक ओळ म्हणायचे, वर्ग ती मागून म्हणायचा, आणि तास संपेपर्यंत धडा सगळ्यांच्या घशात उतरलेला असायचा. डोक्यात उतरवायची सोय नव्हती. पण मार्क मिळायचे, आणि मार्क मिळाले की आईबाप हात जोडतात.

रक्ताभिसरणाचा धडा चालू होता. "धमनीत शुद्ध रक्त, शिरेत अशुद्ध रक्त," असं आम्ही घोकत होतो. घोकता घोकता पुढच्याच ओळीत आलं, की फुफ्फुसाकडे जाणाऱ्या धमनीत अशुद्ध रक्त असतं. मी उभी राहिले. बाबांनी सांगितलंच होतं. म्हटलं, "सर, मग तिला धमनी का म्हणायचं?"

सर हसले. मला वाटलं, प्रश्न आवडला. मग म्हणाले, "घाट ओलांडून आलीस ना बाळ? मग आता मान खाली घाल, आणि पाठ कर."

वर्ग हसून हसून लोळला. त्या दिवसापासून मला कॉलेजात नाव पडलं, 'मान खाली'. व्हरांड्यातून जाताना मुलं म्हणायची, "ए मान खाली, कुठे चाललीस?" आणि खरंच माझी मान खाली जायची. मी पुन्हा कधी उभी राहिले नाही. पाठ केलं. सगळं पाठ केलं. प्रवेश परीक्षेत प्रश्न जरा फिरवून आले आणि माझं पाठांतर पालथं पडलं. डॉक्टर व्हायचं राहिलं ते त्या एका वाक्यामुळे. माझा नवरा शेखर म्हणतो, तुझं फिजिक्सही कच्चं होतं. त्याच्याकडे मी लक्ष देत नाही.

त्या प्रश्नाचं उत्तर इवलंसं होतं. हृदयापासून रक्त दूर नेते ती धमनी, हृदयाकडे आणते ती शीर. शुद्ध-अशुद्धाचा त्या नावाशी काही संबंध नाही. बी.एस्सी.ला एका बाईंनी हे जाता जाता सांगितलं आणि मी त्यांच्यासमोर रडायला लागले. त्यांना वाटलं, माझ्या घरी कोणी गेलं.

पुढे मी शिक्षिका झाले ती खालकर सरांच्या नाकावर टिच्चून. नाशिकरोडच्या बाजूला, एकलहऱ्याच्या रस्त्यावर माझं कॉलेज आहे. माझ्या वर्गात घोकंपट्टीला बंदी. पोरांनी 'का' विचारायचं, आणि मी उत्तर द्यायचं. माझ्या पोरांना सगळं समजतं. नावं आठवत नाहीत, ते सोडा. परीक्षेत "ती पेशीतली ऊर्जा बनवणारी लांबट वस्तू" असं लिहून येतात आणि मार्क घालवून बसतात. प्रिन्सिपॉल दर निकालाला मला बोलावून घेतात. मी त्यांना सांगते, समजणं महत्त्वाचं. ते म्हणतात, मॅडम, समजलेल्या गोष्टीचं नाव लिहिलं तर काही बिघडेल का? याला माझ्याकडे चांगलंसं उत्तर नाही. पण ते मी त्यांना कधी कळू दिलेलं नाही.

असो. मी प्रॅक्टिकलच्या दिवशी गेले.

एक्स्टर्नल म्हणजे आपल्याकडे जावई. गेटपासून मुलगा घ्यायला येतो, आधी चहा, मग बिस्किटं, दुपारी पुरी-श्रीखंडाचं जेवण. या सगळ्यामागे एकच वाक्य असतं, आणि खालकर सरांनी ते चहाचा कप पुढे करतानाच म्हटलं. "मॅडम, मुलं आपलीच आहेत."

सर थकले होते. शर्टाची कॉलर मानेभोवती सैल झाली होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं, नेमणुकीच्या पत्राकडे बघितलं आणि म्हणाले, "गावित मॅडम ना? बसा बसा." गावित हे माझं सासरचं नाव. त्यांनी मला ओळखलं नाही. मला ते बरंच वाटलं. आधी काम होऊ दे, मग ओळख देऊ, असं मी ठरवलं.

काम काय, ते सांगते. प्रॅक्टिकलला स्पॉटिंग असतं. टेबलावर ओळीनं मायक्रोस्कोप मांडतात, प्रत्येकाखाली एक स्लाइड, शेवटी एखादी बरणी. मुलानं एकेकापाशी जायचं, बघायचं, ओळखायचं आणि कागदावर नाव आणि खूण लिहायची. सोपं. पण या कॉलेजात ते त्याहून सोपं होतं, कारण इथल्या वस्तूंची जागा कधीच बदलत नसे. खिडकीशी कांद्याच्या मुळाची स्लाइड, मग अंडाशय, मग वृषण, मग ब्लास्टुला, मग परागनलिका, आणि दाराशी बरणीत अमरवेल. खिडकीपासून दारापर्यंत. सर तो क्रम जूनपासूनच म्हणून घ्यायचे, आणि आमच्या हॉस्टेलवर सीनियर मुली ज्युनियरांना तो आरतीसारखा शिकवायच्या. आमच्या वर्षी ब्लास्टुलाच्या मायक्रोस्कोपला आरसाच नव्हता. नळीतून नुसता अंधार दिसायचा. सगळ्यांनी अचूक उत्तर लिहिलं. मीसुद्धा.

सर ऑफिसात मुलांच्या सह्या घेत होते तेवढ्यात मी प्रयोगशाळेत गेले. लॅबचे सहादूमामा बरण्या पुसत होते.

"मामा, ती अमरवेल खिडकीशी ठेवा. आणि या स्लाइडी मी सांगते तशा बदला."

मामांच्या हातातलं फडकं थांबलं. "मॅडम, ही जागा कधी बदलली नाय. लय वर्षं झाली."

"म्हणून तर."

"पोरं मरतील ना वो."

"मरत नाहीत," मी म्हटलं. "फार तर डोळे उघडून बघतील."

स्लाइडी कुठे ठेवायच्या हा एक्स्टर्नलचा अधिकार आहे. मामांनी एकदा दाराकडे बघितलं आणि मी सांगितलं तसं केलं. मी प्रत्येक मायक्रोस्कोपमधून स्वतः बघून चित्र स्वच्छ दिसतंय याची खात्री केली. कोणी म्हणायला नको की दिसत नव्हतं.

मुलांची बॅच आत आली. मी खुर्ची टाकून समोर बसले आणि जे बघायला इतकी वर्षं थांबले होते ते बघितलं. मुलं खिडकीपाशी येत, बरणीतल्या पिवळ्या दोऱ्यांसारख्या वेलीकडे बघत, आणि लिहीत: कांद्याच्या मुळाचे टोक, पेशीविभाजन, रंगसूत्रे स्पष्ट दिसतात. एकेक पोर खाली मान घालून लिहितंय आणि पुढे सरकतंय! काहीजण तर नळीला डोळासुद्धा लावत नव्हते. दाराशी मी कांद्याच्या मुळाची स्लाइड ठेवली होती. तिथे सगळ्यांनी लिहिलं, अमरवेल, परजीवी वनस्पती, पाने नसतात.

सर सह्या आटपून आत आले आणि त्यांना खिडकीशी बरणी दिसली. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. परीक्षा चालू असताना इंटर्नलला बोलता येत नाही. ते नुसते खोकले. पुन्हा खोकले. एकदोन मुलांनी वर बघितलं आणि परत लिहायला लागली. सरांचा खोकला त्यांनी पाठ केलेला नव्हता.

मला किती आनंद झाला म्हणून सांगू! उकळत्या तेलात मोहरी तडतडावी तसं आतून तडतडत होतं.

एकच मुलगा खिडकीपाशी अडला. काळासावळा, शर्ट इस्त्रीचा पण मापानं मोठा. त्यानं बरणीकडे बघितलं, लिहिलं, मग पुढच्याच्या कागदाकडे बघितलं, आणि आपलं लिहिलेलं खोडलं. मी नंतर त्याचा पेपर काढून बघितला. त्यानं आधी 'अमरवेल' लिहिलं होतं. मग ते खोडून 'कांद्याचे मूळ'. वर नाव होतं, धनराज चौधरी. माझ्या आनंदात तिथे पहिला खडा लागला.

स्पॉटिंग झालं आणि मी तोंडी परीक्षा सुरू केली. मुलं बाकावर ओळीनं बसली होती. सर माझ्याच टेबलाशी बसले, चेहरा पडलेला, पण अजून काही बोलले नव्हते. पहिली हर्षाली नावाची मुलगी आली. दोन वेण्या, आवाज खणखणीत. मी मुद्दामच विचारलं, फुफ्फुस धमनीबद्दल सांग. तिनं डोळे मिटले आणि अख्खा परिच्छेद म्हटला, कुठे अडखळली नाही.

"छान. पण अशुद्ध रक्त असून तिला धमनी का म्हणायचं?"

हर्षालीनं डोळे उघडले. "मॅम, तो प्रश्न विचारायचा नसतो."

"का बरं?"

ती ओठ दाबून हसली. "तिथे सरांचा डायलॉग आहे."

"कुठला डायलॉग?"

तिनं सरांकडे बघितलं. सरांनी मान हलवली, म्हण म्हण. बिचाऱ्यांना वाटलं असेल, वातावरण जरा हलकं होईल. हर्षाली म्हणाली, "घाट ओलांडून आलास ना बाळ?" आणि मागच्या बाकांवरची सगळी पोरं एका सुरात म्हणाली, "मग आता मान खाली घाल, आणि पाठ कर!"

हसू फुटलं. आणि हसता हसता सगळ्यांच्या माना एकाच बाजूला वळल्या, धनराजकडे. तोही हसत होता. मला ते हसू माहीत आहे. रडू नये म्हणून आधीच हसून टाकायचं असतं ते.

"मुलांच्या लक्षात राहतं हो अशानं," सर मला म्हणाले. "दर वर्षी या ठिकाणी म्हणतो मी."

दर वर्षी! माझ्या कानात दडे बसले. इतकी वर्षं मी समजत होते, की त्या दिवशी त्या माणसानं मला बघितलं, माझा प्रश्न ऐकला, आणि मला तोडलं. त्याचा राग तरी मनापासूनचा होता, असं मी धरून चालले होते. आणि इथे कळलं, की माझा अपमानसुद्धा पाठांतरातला होता. पान अमुक, ओळ तमुक, इथे विनोद करणे. दर वर्षी त्या ओळीला डोंगराकडचं एक पोर लागतं आणि दर वर्षी ते मिळतं. कोणाला ओळखायची गरजच नाही.

कोणी म्हणेल, मग राग शांत झाला असेल. त्या माणसाच्या मनात काही नव्हतंच. छे! डोक्यात राख घालून उठावंसं वाटलं. मनात काही नसताना केलं, हे तर जास्त वाईट. मी उरलेल्यांची तोंडी परीक्षा कशीबशी संपवली. धनराजला एकच विचारलं, गाव कुठलं. तो म्हणाला, "करंजाळीच्या अलीकडं, मॅडम." आमच्या पेठच्या त्या रस्त्यावरची वळणं मला झोपेतही मोजता येतात. मी मान हलवली आणि त्याला जायला सांगितलं.

मुलं बाहेर गेली तेव्हा सरांनी तोंड उघडलं. "मॅडम, जागा बदलायची पद्धत नाही आपल्याकडे."

"नियमात बसतं ना, सर?"

"बसतं हो. पण मुलांचं यात काय चुकलं? मी मेमध्ये रिटायर होतोय. आजवर या लॅबमधून एक मूल नापास गेलेलं नाही. तुम्ही हे पेपर तपासले तर अख्खी बॅच शून्यावर येईल."

"येईल."

त्यांनी समोरचा पेपरांचा गठ्ठा सरळ केला, पुन्हा सरळ केला. मी हेच बघायला आले होते. घरून निघताना माझा बेत साधा होता. पडतील ते मार्क द्यायचे, नाव सांगायचं, आणि चालू पडायचं. पण तो डायलॉग ऐकल्यापासून एवढ्यानं माझं भागेना. मार्क कापले तर कापले जाणार मुलांचे. धनराजचेही. सर मेमध्ये हार घालून घरी जातील आणि कॉलेजात बोलतील, यंदा एक खडूस बाई आली होती. मारायचं होतं एकाला आणि पाठ दुसऱ्याचीच सोलायची, हा कसला सूड?

"एक करता येईल," मी म्हटलं. "जेवणानंतर स्पॉटिंग पुन्हा घेते. क्रम पुन्हा बदलेन, तो तुम्हालाही कळणार नाही. तोवर या पोरांना या स्लाइडी शिकवा. म्हणून नाही घ्यायच्या, शिकवायच्या. मी मागे बसते आणि जिथे समजणार नाही तिथे विचारते. तुम्ही उत्तर दिलंत तर हे पेपर मी फाडते. नाही दिलंत तर हेच धरते."

"तुम्ही मला परीक्षेला बसवताय?"

"हो, सर."

त्यांनी उठून मामांना हाक मारली, पोरांना आत घ्या म्हणाले. पुरी-श्रीखंडाला त्या दिवशी कोणी हात लावला नाही.

मुलं परत आत आली. मी शेवटच्या बाकावर बसले, धनराजच्या शेजारी. सरांनी सुरुवात केली, आणि अर्थातच म्हणायला लागले, "कांद्याच्या मुळाच्या टोकाशी विभाजी ऊती असते, म्हणा..."

"का?" मी मागून विचारलं.

"अं?"

"टोकाशीच का, सर?"

पोरांच्या माना सर्रकन मागे वळल्या. या वर्गात हा शब्द कोणी ऐकलेला नव्हता. सर थांबले. मग म्हणाले, मूळ मातीत घुसतं ते टोकानं, वाढायचं तिथेच असतं, म्हणून पेशी तिथे फुटत राहतात. बरं. पुढे गेले. वृषणाच्या स्लाइडीवर पुन्हा तेच. शुक्रपेशी आतल्या बाजूला का? सर अडखळले, कपाळ पुसलं, सांगितलं. ततपप होत होती, पण उत्तर देत होते. मी त्यांना श्वास घेऊ दिला नाही. का? आणि ते का? मग हे असं का नाही? इतक्या वर्षांचे साठलेले सगळे 'का' मी त्या माणसावर एकामागून एक सोडले. गोड लागत होतं.

ब्लास्टुलाशी आले. "ही पोकळी असलेली अवस्था, हिला ब्लास्टुला म्हणतात."

"का म्हणतात?"

सरांनी खडू खाली ठेवला. "मॅडम, नावाला 'का' नसतो. असलाच तर परभाषेतला, आणि तोही पाठच करावा लागतो. तुमचं नाव तुम्ही समजून घेतलं होतं, की पाठ केलं होतं?"

पोरं हसली. ज्यांच्यासाठी मी भांडत होते तीच पोरं! नाकाला मिरची झोंबली, कारण बरोबर होतं. माझ्या कॉलेजातली मुलं या स्लाइडीला 'पेशींचा पोकळ चेंडू' म्हणून आली असती, सगळं समजावून सांगितलं असतं आणि ओळखा म्हटल्यावर कोरा कागद दिला असता. ती माझी करणी. मी म्हटलं, "बरोबर आहे, सर. पुढे चला." एवढं म्हणणं जड गेलं.

पुढे अमरवेल. सरांनी बरणी हातात घेतली. पाने नसतात, हरितद्रव्य जवळजवळ नसतं, दुसऱ्या झाडातून अन्न शोषते. मी 'का' विचारायला तोंड उघडलं आणि शेजारून आवाज आला.

"सर."

धनराज उभा होता. कोणीतरी पुढून हळूच म्हणालं, "घाट..." आणि खुसखूस सुरू झाली.

"हिला पान नाय," धनराज म्हणाला, खाली बघत. "हिरवा रंग नाय. मग बी रुजल्यावर झाड सापडंपर्यंत ती खाती काय?"

सरांचे ओठ हलले. मी मागून बघत होते. जुनी ओळ जिभेवर आली होती, हे मला शपथेवर सांगता येईल. त्यांच्या चेहऱ्यावर ते हसूसुद्धा येऊ लागलं होतं. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, धनराजकडे बघितलं, आणि तोंड मिटलं.

"इकडे ये," ते म्हणाले. "पुढे ये, असं लांबून नको."

धनराज गेला. सर त्याला सांगायला लागले. बियाण्यात आईनं बांधून दिलेली शिदोरी असते, म्हणाले, तेवढीच. ती संपायच्या आत झाड गाठलं तर जगली, नाही तर वाळली. मग ती झाड शोधते कशी? डोळे नाहीत, कान नाहीत. कोवळं टोक हवेत गोल फिरत राहतं, आणि झाडातून जो वास येतो त्याच्या दिशेनं वळतं. शास्त्रज्ञांनी नुसता वास ठेवून बघितला, झाड नव्हतंच, तरी वेल तिकडे वळली. सरांनी आपलं बोट हवेत फिरवून दाखवलं, वेल कशी डोलते ते. पोरं बाकांवरून उठून पुढे गेली. हर्षालीनं विचारलं, मग तिला आवडतं झाड, नावडतं झाड असं असतं का? सर म्हणाले, असतं की! आणि सांगत सुटले. पुस्तकात यातली एक ओळ नव्हती.

मी मागे एकटी बसले होते. समोर तो माणूस शिकवत होता, आणि काय शिकवत होता! मी इतक्या वर्षांत अमरवेल इतकी सुरेख शिकवलेली नाही. म्हणजे येत होतं. सगळं येत होतं. पाठांतरवाला मठ्ठ माणूस आहे, त्याला स्वतःलाच काही समजत नाही, असं मी आजवर मनाला सांगत आले होते, आणि त्या समजुतीत थोडा थंडावा होता. तोही गेला. त्याच्याकडे होतं आणि त्यानं आम्हाला दिलं नाही. पोर्शन लवकर संपतो म्हणून, मार्क पडतात म्हणून, कोणी मागत नाही म्हणून. मी मागितलं होतं! मी उभं राहून मागितलं होतं. माझे डोळे भरून आले ते रागानं, दुसऱ्या कशानं नाही, आणि त्या पुढे घोळका करून उभ्या पोरांचा मला असा हेवा वाटला, की तोंड फिरवून मी भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत बसले.

जेवणाची वेळ टळून गेल्यावर मी सगळ्यांना बाहेर काढलं, क्रम बदलला आणि स्पॉटिंग पुन्हा घेतलं. या खेपेला मुलं नळीला डोळा लावून बघत होती. वेळ लागत होता. कोणी कपाळाला आठ्या घालून परत मागच्या मायक्रोस्कोपकडे जात होतं. सगळं बरोबर आलं असं नाही. काहींनी वृषण आणि अंडाशय उलटं केलं, हर्षालीची परागनलिका चुकली. धनराजनं नावं लिहिली, एक चुकलं, खोडलं काहीच नाही. मी पहिले पेपर सरांसमोर फाडले आणि दुसऱ्या पेपरांना पडतील तेवढेच मार्क दिले. कॉलेजच्या परंपरेपेक्षा ते बरेच कमी होते. सरांनी एका शब्दानं वाद घातला नाही.

शेवटी सह्यांची वेळ आली. मी सही केली आणि मार्कांची शीट त्यांच्याकडे सरकवली. त्यांनी माझ्या सहीकडे बघितलं. पेन हातातच होतं.

"मॅडम," ते म्हणाले, "तुम्ही कधी आमच्याकडे होता का?"

हाच प्रश्न. याचं उत्तर मी स्कूटर चालवताना, भाजी चिरताना, पेपर तपासताना इतक्या वेळा म्हणून बघितलं होतं, की कुणी झोपेतून उठवलं असतं तरी आलं असतं. माझं माहेरचं नाव, गाव, वर्ष, बाक. आणि मग ते वाक्य, त्यांच्याच आवाजात. जिभेवर होतं.

"का विचारताय, सर?"

"नाही, असंच." त्यांनी चष्मा काढला. "तुम्ही मागच्या बाकावरून विचारत होता ना, तेव्हा वाटलं, या बाईंचं माझ्याकडे काहीतरी राहिलंय. मला आठवत नाही. मुलं इतकी येऊन गेली. पण होतीस का तू?"

'तू' म्हणाले. आपल्या वर्गातल्या मुलीला म्हणावं तसं.

मी पिशवीचे बंद आवळत बसले.

"असलीस तर," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज खाली गेला, "असलीस तर मला तुला एक सांगायचं होतं."

काय सांगायचं होतं, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मी नाव सांगितलं असतं की ते म्हणाले असते, चुकलो, पोरी. मग मला म्हणावं लागलं असतं, जाऊ द्या सर. म्हातारा माणूस माफी मागतो तेव्हा दुसरं काही म्हणता येत नाही आपल्याला. मग मेमध्ये हार घालून ते सायखेड्याला जातील, मळ्यात खाट टाकून पडतील आणि हलक्या मनानं झोपतील. आणि मी? माझ्याकडे काय राहील?

"नाही, सर," मी म्हटलं. "मी तुमच्याकडे कधीच नव्हते."

ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांना पटलं नव्हतं, आणि त्यांना पटू नये हेच मला हवं होतं. त्यांनी चष्मा घातला, सही केली, आणि माझी पिशवी उचलून गेटपर्यंत सोडायला निघाले. पायऱ्यांवर एकदा थांबले, काही म्हणतील असं वाटलं, मी पावलं उचलली. गेटपाशी त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली आणि हात जोडले. मीही जोडले. मग मी स्कूटर काढली. ते तिथेच उभे होते.